सुतकातलं तळं

नागू, तू गेल्यावर मी पहिलं भांडण केलं ते तुझ्या शेठशी. तिसरा उरकून आम्ही बायका ओट्यावर बसलो होतो आणि महानंदाच्या मांडीवर तुझा फोन वाजला. तिला, तुझ्या बायकोला, काही सुधरत नव्हतं, तिनं तो माझ्याकडं सरकवला. पलीकडून शेठ म्हणतोय, "वहिनी, तुमचं दुःख मला कळतंय, पण पिंजऱ्यातल्या माशांना नागू गेल्यापासून खाद्य नाही. कुणाला तरी पाठवा." मी म्हणाले, "वहिनी न्हाय, थोरली बहीण बोलतीय. आमच्याकडं माणूस गेलाय, मासा न्हाय." तो म्हणाला, "मासाही जाईल, अक्का." मी फोन बंद केला. हे तुला कधी सांगते असं मला झालं, आणि मी वळून तुझ्या खाटेकडं बघितलं. खाट भिंतीला उभी केलेली होती.

त्याला तरी काय कळणार म्हणा. आपल्याकडं माणूस गेलं की दहावा होईपर्यंत भावकीतल्या कुणी पाण्यात जाळं टाकायचं नाही, तराफा सोडायचा नाही. अण्णा गेले तेव्हा तू आणि मी काठावर बसून मासे उड्या मारताना बघत होतो. तू लहान होतास, हात शिवशिवत होते, आणि मी तुझं मनगट धरून ठेवलं होतं. आपली अख्खी वस्तीच भावकी. मग तुझ्या पिंजऱ्यांकडं जाणार कोण? शेठनं त्याचा माणूस पाठवला, खाद्याची पोती घेऊन. वस्तीतल्या कुणी त्याला तराफा दिला नाही. बिचारा दुपारभर बाभळीखाली बसला, महानंदानं त्याला भाकरी दिली, आणि तो पोती टेम्पोत टाकून उमरग्याला परत गेला.

तू असतास तर काय केलं असतंस? मला वाटतं तू सुतक मोडलं असतंस. मुक्या जिवाला उपाशी ठेवणं तुला कधी जमलंच नाही.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं होतं, आठवतंय ना? तू पुण्याहून आलास तेव्हा. एका मोठ्या इमारतीच्या फाटकाशी वॉचमन होतास तू. पावसानं पाठ फिरवली, तळं तळाला गेलं, तर जाळ्यात काय चिखल येणार? म्हणून गेला होतास. परत आलास तो शेठला घेऊनच. त्यानं तळ्याच्या मधोमध निळी पिंपं बांधली, त्यांना जाळ्यांचे पिंजरे लटकवले, चालायला फळ्या टाकल्या. पिल्लं त्याची, खाद्य त्याचं, राखण तुझी, आणि तयार मासा पुन्हा त्यानंच उचलायचा. तू मला तराफ्यावर बसवून दाखवायला नेलंस. नव्या नवरीला घर दाखवावं तसं दाखवत होतास तू. "अक्का, ह्या पिंजऱ्यात चिलापी, ह्या पिंजऱ्यात पंगस. उन्हाळा असो, काय असो, मासा हाय म्हंजे हाय."

मी म्हणाले, "नागू, हे मासे पाळणं न्हाय, कोंबड्या पाळणं झालं."

"तुला कोंबडी चालती की. लई आवडीनं खाती."

तुझ्याशी बोलून मी कधी जिंकले आहे?

पहिलं वर्षभर मी गप्पच होते. खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं. तुझ्या अंगावर मांस आलं. तुझी पोर लातूरला नर्सिंगला लागली. वस्तीतली चार पोरं ऊसतोडीला जायची थांबली, तुझ्याबरोबर पिंजरे धुवायला येऊ लागली. मग मुरुमच्या बाजारात माझ्या माशांच्या पाटीवर बोलणी यायला लागली. माझ्या शेजारी बर्फ विकणारा खाजाभाई तुला माहीतच आहे, तोंडाचा फटकळ. एक दिवस त्यानं माझ्याकडून नेलेला मासा दुसऱ्या दिवशी परत आणला नाही, पण तोंड मात्र आणलं. "आपा, तुम्हारे तालाब के मच्छी को गाद का बास आता जी. पहले ऐसा नहीं था." मी त्याच्यावर डाफरले. घरी येऊन कालवणाला तोंड लावलं, तर खरंच गाळाचा वास होता. आणि तो मासा तुझ्या पिंजऱ्यातला नव्हता, नागू. तो आमच्या जाळ्यातला रोहू होता.

त्याच दिवसांत काठावर तो तवंग दिसायला लागला. वारा पडला की हिरवट साय धरायची आणि धुणं धुवायला बायका नाक दाबून बसायच्या. तळ्याखालच्या विहिरीचंच पाणी आपण पितो. मी तुला गाठलं. तू फळीवर उकिडवा बसून खाद्य टाकत होतास. शेठनं मोजून दिलेलं संपलं की तुझा हात पुन्हा पोत्यात जायचा.

"हे आणि कशाला?"

"ती बघ ती, मागची. धाकटी हायेत. म्होरच्यांनी सगळं खाल्लं, ह्यांना घावलंच न्हाय."

"आणि जे कुणालाच घावलं न्हाय ते कुठं जातं?"

"खाली."

"खाली काय हाय?"

तू हसलास. "खाली तळं हाय, अक्का."

ते खालचं तळं म्हणजेच आपलं तळं होतं, हे तुला कळत नव्हतं असं नाही. पण समोर तोंड उघडून आलेला मासा तुला दिसायचा आणि खाली कुजत चाललेला थर दिसायचा नाही. आपण दोघं उपाशी झोपलेली पोरं. मी त्यातून कंजूष झाले, घरात सगळं मोजून देते, सुना नावं ठेवतात. तू उलटा झालास. तुझ्यासमोर कुणी रिकाम्या तोंडानं बसलेलं तुला बघवायचं नाही, मग ते माणूस असो नाहीतर पंगस असो. तुझ्या चांगुलपणावर मला राग यायचा, आणि तो राग मला धड काढताही यायचा नाही, कारण चांगुलपणावर कसलं ओरडायचं?

मी दुसरीकडून वाद घालायचे. खाद्याच्या गोळीत काय असतं ते तूच मला सांगितलं होतंस, शेठकडून ऐकून. समुद्रातले बारके मासे वाळवून, दळून त्यात घालतात. मी म्हणाले, "म्हंजे तिकडच्या बायांच्या पाटीतली सुकट काढायची, इकडं आणून चिलापीला चारायची, आणि मग आपण म्हणायचं मासा वाढला. कुणाचा वाढला रं?" तू म्हणालास, "तू कधी समुद्र बघितलास का?" मी म्हणाले, "सुकट तर बघितलीय!" त्यावर तू इतका हसलास की तराफा डोलायला लागला. एकदा माशांच्या अंगावर लाल चट्टे आले, तेव्हा शेठनं औषधाची पूड दिली आणि तू ती खाद्यात कालवलीस. मी विचारलं, "उरलेलं औषध कोण पितंय?" त्या दिवशी तू हसला नाहीस. पण पूड टाकलीसच.

आणि मग आभाळ भरून राहिलं ते दिवस. वारा नाही, ऊन नाही, पाऊसही नाही, नुसतं कोंदट. शेठनं बजावून ठेवलेलं होतं की असं आभाळ आलं की खाद्य बंद ठेवायचं, पाण्यातली हवा कमी होते, खाल्लेलं माशाला सोसत नाही. तुला ते ठाऊक होतं. तू काय म्हणालास माहीत आहे? "आभाळ आलं म्हणून आपण जेवायचं सोडतो का?" आणि रोजच्यासारखं घातलंस.

सकाळी सगळं तळं तोंड वर काढून होतं. पिंजऱ्यातले तर होतेच, पण बाहेरचेही. काठाच्या गवतात सापासारखी वांब लोळत होती. आपली मरळ, जी चिखलात राहूनही जगते, ती उताणी पडली होती. बारक्या खवल्या माशांचा तर नुसता पांढरा पट्टा. वस्तीतल्या बायका पदर खोचून पाट्या भरत होत्या. तू खड्डा खणत होतास. तुझ्याजवळ जाऊन मी सगळ्यांदेखत ओरडले, "बघ! बघ तुझ्या लाडानं काय झालं!" तू फावडं टाकलंस. "माझ्यानंच झालं का? वरच्या सोयाबीनला जे खत टाकतेत, फवारतेत, ते पावसानं कुठं येतंय? त्यांना जाऊन बोल की! भोयालाच बोलतीस, कारण भोई घरचा हाय!"

तुझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण ते पुरतं खरंही नव्हतं. मग आपण किती वेळा तोच वाद घातला! सणाला, लग्नात, उमरग्याच्या एसटीत उभ्या उभ्या. तू म्हणायचास शेतातून येतं, मी म्हणायचे पिंजऱ्यातून येतं. तू म्हणायचास, "मग दाखव. हे तुझं पाणी, हे माझं, असं वेगळं काढून दाखव." ते कोण दाखवणार होतं? तुझं खाद्य एक दिवस बंद पडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि तू ते एक दिवसही बंद ठेवणारा नव्हतास.

बंद पडलं ते असं पडलं.

मला त्याचं काही ध्यानात आलं नव्हतं. सुतकात माणसाचं डोकं ठिकाणावर कुठं असतं. दहाव्याला घाटावर गेलो. पिंड ठेवला, पुरुष मंडळी लांब सरून उभी राहिली, आणि आम्ही बायका पायरीवर बसून कावळ्याची वाट बघत होतो. कावळा काही येईना. मी मनात म्हणाले, आता काय राहिलंय ह्याचं? आणि बघता बघता माझी नजर पाण्याकडं गेली. पायरीखालचा दगड दिसत होता, नागू. त्यावर आपण लहानपणी बसून पाय घासायचो तो दगड. वास नव्हता. साय नव्हती. आणि दगडाच्या कडेनं बारक्या खवल्यांचा एक थवा उलटसुलट फिरत होता. महानंदानंही बघितलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला हुंदका आला. सगळ्यांना वाटलं भावासाठी रडतेय. रडत होतेच. पण मला असंही वाटत होतं की ओरडून तुला सांगावं, बघ, मी म्हणत होते ना! एवढ्या वर्षांचा वाद मी जिंकले होते आणि तोंड उतरलेलं बघायला समोर तू नव्हतास. असलं जिंकणं वैऱ्यालाही मिळू नये.

कावळा शिवला तोवर ऊन डोक्यावर आलं होतं.

तू काय म्हणाला असतास तेही मला माहीत आहे. "अक्का, वारा सुटला होता त्या दिवसांत. तवंग पल्याडच्या काठाला गेला." व्हय, सुटला होता वारा. आणि तळाशी बसलेली घाण काही दहा दिवसांत धुऊन जात नाही, हेही मी जाणते. पण पल्याडच्या काठाला मी जाऊन आले, नागू. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चालत गेले. तिकडंही नव्हता.

सुतक फिटलं तशी शेठनं खाद्याची पोती पुन्हा पाठवली आणि मीच तराफा सोडला. महानंदाला पाण्याची भीती, ती येरमाळ्याकडची, तिच्या माहेरी आडाशिवाय पाणी बघितलेलं नाही. पिंजऱ्यात बरेच मासे मेलेले होते, काहींनी एकमेकांच्या शेपट्या कुरतडल्या होत्या. उरलेले बारीक झाले होते, डोकी मोठी दिसत होती. माझी सावली पाण्यावर पडली आणि ते सगळे वर आले. त्यांना वाटलं तू आलास. मी शेठनं सांगितलेलं मोजून टाकलं. ते संपलं तरी ते जाईनात, तोंडं उघडून तिथंच. मागं धाकटी होती. मला तुझा भारी राग आला, नागू, आणि मी पोत्यात हात घालून आणखी टाकलं. कंजूष बाई मी! मला कुणी बघितलं नाही ते बरं झालं.

पुढं आपल्या मच्छीमार सोसायटीची बैठक लागली, शाळेच्या व्हरांड्यात. शेठ आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. कागदावर तुझ्या जागी महानंदाचं नाव लावायचं, आणि पिंजरे वाढवायचे, पार तळ्याच्या भिंतीपासून पल्याडच्या नाल्याच्या तोंडापर्यंत. राखणीला माणसं तो आणणार. महानंदाला घरबसल्या दर महिन्याला पगार. तिनं फक्त हो म्हणायचं. म्हणजे तळ्याचं पाणी आपल्याला नुसतं बघायला राहणार, जाळं टाकायला जागा नाही, आणि विहिरीत येईल ते प्यायचं. आणि नाही म्हणावं तर महानंदानं खायचं काय? पोरीचं शिक्षण अर्ध्यावर. हे सगळं महानंदाच्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं, आणि सगळे माझ्याकडं बघत होते. अक्का आता तोंड सोडणार, म्हणून.

मी उठले. दहाव्याला काय बघितलं ते सांगितलं. दगड सांगितला, खवल्या सांगितल्या, पल्याडचा काठ सांगितला. गाळाचा वास, मेलेली मरळ, औषधाची पूड, सगळं. नेहमी मी इथवर आले की तू मधे तोंड घालायचास. मी सवयीनं थांबले. तू काहीच बोलला नाहीस.

मग मला ते बरं वाटेना. एकतर्फी वाद घालायला मी काय वकील आहे? म्हणून तुझी बाजूही मीच मांडली. मी म्हणाले, ऐका, नागू काय म्हणायचा ते. नागू म्हणायचा, पुण्यात मी लोकांच्या गाड्यांना सलाम करत होतो, इथं मी माझ्या पाण्यावर उभा आहे. नागू म्हणायचा, तळं आटल्यावर तुमच्या जाळ्यानं कुणाचं पोट भरलं? चार पोरांच्या हातातला कोयता त्यानं सोडवला, तुम्ही आम्ही नाही. शेतातून येणाऱ्या विषाबद्दल कुणी ब्र काढत नाही, आणि गरिबाच्या पिंजऱ्यावर बोट दाखवतात. आणि मी म्हणाले, माझ्या भावानं तळं नासवायला खाद्य टाकलं नाही. त्याला कुणी उपाशी राहिलेलं बघवत नव्हतं म्हणून टाकलं. असा माणूस ह्या वस्तीत दुसरा नाही. बोलता बोलता माझा आवाज इतका चढला की शेठही मान डोलावायला लागला. लोकं माझ्याकडं बघत राहिली, ही बाई आहे कुणाच्या बाजूनं? मलाही कळेना. मी खाली बसले.

महानंदा उठली. तिला चार माणसांत बोलताना तू कधी बघितलं नाहीस. पदर सावरून शेठला म्हणाली, "ह्या खेपेचा मासा मोठा होऊस्तोवर अक्का खाद्य घालतील, मोजून. तो तुमी घेऊन जावा. पुढं पिल्लं आणू नका. मालकानं केलं ते केलं, ते कराय मालक होते. माझ्या नावानं आता एक बी पिंजरा न्हाय." शेठ म्हणाला, "आणि खाणार काय?" ती म्हणाली, "अक्काच्या शेजारी पाटी मांडीन." मला न विचारता! मी मान हलवली. दुसरं काय करणार.

परत येताना ती माझ्यापुढं चालत होती. मी मनातून खुश होते, तळं वाचलं म्हणून, आणि खुश आहे याची लाजही वाटत होती. तिनं वळून न बघता विचारलं, "अक्का, त्यांच्याविषयी आज जे बोललात ते कधी त्यांना बोलला होता का?"

मी म्हणाले, "न्हाय गं. त्याला तर मी नुसती शिव्या देत होते."

ती थांबली. "ते रोज सांजच्याला भांडून घरी यायचे, आणि जेवताना मला विचारायचे, अक्का मला चांगला म्हणती का गं?"

म्हणते रे, नागू. म्हणते.